सहा सागवानी खुर्च्या, घरच्या घरी : फोम, कापड आणि कोपरे

सायली_नाशिक | २ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरीच करायचं ठरलंय आणि माहेरच्या जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्यांच्या बैठकी पार गेल्यात. १९९१ साली सुतारकाका महिनाभर आमच्या मागच्या पडवीत बसून हे टेबल आणि खुर्च्या करत होते. मी शाळेतून आले की रंध्याच्या सालींशी खेळायचे. सागवान अजून दगडासारखं आहे, एक सांधा हललेला नाही. बैठकीचं रेक्झिन मात्र तडकलंय, आतला स्पंज बसलाय. आईच्या खुर्चीत तर बसलं की थेट लाकूड टोचतं. तिला जेवायला आता पाऊण तास लागतो, त्यामुळे हे नुसतं दिसण्यापुरतं नाही.

दोघांना विचारलं. एकाने सहांचे ९,००० सांगितले आणि खुर्च्या पंधरा दिवस दुकानात ठेवा म्हणाला. दुसरा म्हणाला, "एवढ्या जुन्यावर कशाला पैसे घालता ताई, नवा सेट घ्या." ते ऐकून फार लागलं. आता मीच करणार आहे. घरात स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, चांगली कात्री आणि शिवणयंत्र आहे. फोम कुठला घ्यायचा, कापड किती लागेल, हाताची स्टेपल गन पुरेल का? आणि मुख्य म्हणजे, जुन्या रेक्झिनवरूनच नवं कापड ठोकलं तर चालेल का?

रंधा | २ जून, रात्री १०:२५

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अजिबात नको. वरून कापड ठोकलं की चार दिवस छान दिसतं, पण बसायला होतं तसंच राहतं, कारण दुखणं आत आहे. पंचवीस-तीस वर्षांचा फोम आतून भुगा झालेला असतो, तो नव्या कापडातून पिठासारखा गळत राहील.

एक खुर्ची उलटी करून पलंगावर ठेवा. बैठकीखाली चारही कोपऱ्यांत तिरके ठोकळे दिसतील, प्रत्येकात एक स्क्रू. ते काढले की बैठक अख्खी बाहेर येते. स्क्रू गंजला असेल तर जोर करू नका. खाच झिजली की तो मग निघतच नाही. आधी एकदा घट्ट करायच्या दिशेने किंचित फिरवा, गंजाची पकड सुटते, मग उलटा फिरवा.

बैठक निघाली की खालचं काळं कापड काढा आणि एकेक चूक (बारीक खिळा) किंवा स्टेपल उपटा. हे काम कंटाळवाणं आहे. पहिल्या खुर्चीला मला दोन तास लागले होते. पण जुनं रेक्झिन फाडू नका, अख्खं काढा. तोच तुमचा नमुना, नव्या कापडावर ठेवून बेतायचा. प्लाय सुटली असेल किंवा ओल लागून फुगली असेल तर ९ किंवा १२ मिमीची नवी कापून घ्या. पुण्यात असाल तर भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये मापाने कापून देतात, नाशिकलाही कुणीही प्लायवाला देईल.

ओवी_आई | २ जून, रात्री ११:०५

वाचतेय. आमच्या खुर्च्यांची अवस्था हीच, वर दोन लेकरं वरणभात सांडणारी. कापड की रेक्झिन, यावरही लिहा प्लीज.

चिंचगूळ | ३ जून, सकाळी ७:५०

आमच्या घरी खुर्च्या सहा, माणसं पाच. सहावी मांजरीची, आणि सगळ्यात मऊ तीच आहे.

मीना_सांगली | ३ जून, सकाळी १०:१५

सायली, फार चांगलं करते आहेस. मी तीस वर्षं शिवणकाम शिकवलं, त्यामुळे कापडाचं मी सांगते.

बैठक १८ × १८ इंच धरू. प्रत्येक बाजूला फोमची उंची २ इंच, प्लायची जाडी अर्धा आणि खाली वळवायला दीड, म्हणजे ४ इंच. दोन्ही बाजूंचे मिळून ८. एका खुर्चीला २६ × २६ चा तुकडा. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुतेक ५४ इंच असतो, त्यात शेजारी शेजारी दोन तुकडे बसतात. सहा खुर्च्यांना तीन ओळी, म्हणजे ७८ इंच, जेमतेम दोन मीटर. सव्वादोन घे. फुलांची मोठी नक्षी असेल तर अडीच, कारण फूल प्रत्येक बैठकीच्या मधोमध यायला हवं. एका खुर्चीवर फूल मध्ये आणि दुसरीवर कडेला गेलं की सहा खुर्च्या एका घरच्या वाटत नाहीत.

पुढची बाजू मागच्यापेक्षा रुंद आहे का ते मोजून बघ, बऱ्याच खुर्च्यांना असते. उभा धागा पुढून मागे ठेव. कापताना चारही कडांच्या मध्यावर कात्रीने छोटी चीर दे आणि प्लायच्या चारही मध्यांवर पेन्सिलची खूण कर. खुणेला खूण जुळली की कापड तिरकं जात नाही. सुती किंवा हातमागाचं घेतलंस तर आधी पाण्यातून काढ, इस्त्री कर, मगच बेत.

वेताळटेकडी | ३ जून, दुपारी १:३०

फोमबद्दल. दुकानात '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' म्हणतात, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन तेवढे किलो. जेवणाच्या खुर्चीला ४० घ्या. ३२ हाताला छान लागतो पण लवकर बसतो, ती पाठीची उशी.

४० म्हणून ३२ गळ्यात मारलं जातं, ते घरीच तपासता येतं. १८ × १८ × २ इंचाचा तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. ४० चा असेल तर सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो, ३२ चा असेल तर ३४० च्या. मी हे न करता एकदा फसलोय, म्हणून सांगतो.

आणि जाडी दोन इंचांच्या पुढे नको. मी हौसेने चार इंच घातला होता. टेबल ३० इंच उंच, बैठक १८ ची २० झाली, मांड्या टेबलाच्या खालच्या फळीला घासू लागल्या. सगळं उचकटून पुन्हा केलं.

दर्याकिनारा | ३ जून, दुपारी ४:१०

रत्नागिरीहून लिहितोय. आमच्या हवेत लेदरेट म्हणून जे मऊ मऊ मिळतं ते तीन पावसाळ्यांत सोलपटतं, काळे पापुद्रे कपड्यांना चिकटतात. तो पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर असतो, दमट हवेत त्याचं रसायनच तुटत जातं. जुनं जाड पीव्हीसी रेक्झिन जास्त टिकतं, फक्त कालांतराने कडक होऊन चिरतं. घाटावर कापड ठीक, आमच्याकडे कापडाला बुरशीचा वास लागतो. आम्ही पीव्हीसीच घातलं.

रंधा | ३ जून, संध्याकाळी ६:००

दर्याकिनारा, शंभर टक्के सहमत. रेक्झिन घालणाऱ्यांसाठी पुरवणी : प्लायला अर्ध्या इंचाची चार-पाच भोकं पाडा. रेक्झिनमधून हवा जात नाही, भोकं नसतील तर बसताना बैठक फुग्यासारखी होते आणि टाक्यांवर ताण येतो.

सायली_नाशिक | ३ जून, रात्री ९:१५

किती मनापासून सांगताय सगळे! मीनाताई, तुमचा हिशोब वहीत उतरवला. कापडच घेणार. आईला उन्हाळ्यात रेक्झिन पायांना चिकटतं, तिची कित्येक वर्षांची तक्रार आहे.

पानगळ | ४ जून, सकाळी ८:३०

थोडा वेगळा सूर लावते. सगळंच घरी करायचं ठरवलं तर कारागिरांनी काय करायचं? आमच्या गल्लीतल्या कुशनवाल्या चाचांकडे पूर्वी चार हात कामाला होते, आता ते एकटेच आहेत. ९,००० जास्त वाटतात, पण त्यात फोम, कापड, सहा खुर्च्यांची ने-आण आणि आयुष्यभर कमावलेला हात आहे. यूट्यूब बघून तो हात येत नाही.

ओवी_आई | ४ जून, सकाळी ९:४५

पानगळ, मुद्दा पटतो, पण पंधरा दिवस खुर्च्या दुकानात म्हणजे आमच्याकडे लेकरं जमिनीवर आणि आजी कुठे? प्रत्येकाची अडचण वेगळी.

गादीघर | ४ जून, दुपारी १२:२०

पानगळताई, तुमचं वाचून डोळे भरून आले. माझ्या वडिलांचं गाद्या-सोफ्यांचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथेच. म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो. सोफा, हाताची खुर्ची, पाठीला बटणं घातलेली खुर्ची हे कारागिराचंच काम, तिथे घरच्यांनी हात घालू नये. पण सुट्या बैठकीची जेवणाची खुर्ची घरी करता येते. बाबा नव्या पोराला पहिलं काम हेच द्यायचे.

बाबांची पद्धत सांगतो. फोम प्लायच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूने पाव इंच मोठा कापायचा, म्हणजे कडा भरीव दिसतात. कापायला ब्रेडची दातेरी सुरी, दाबायचं नाही, नुसती पुढे-मागे चालवायची. फोम प्लायला चिकटवायला फेविकॉल एसआर, दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. पांढरा फेविकॉल नको, तो वाळून कडक होतो आणि बसलं की कुरकुरतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा समई नको, वाफ पेट घेते. फोमवर फायबरची पातळ शीट अंथरा. बैठकीला गोलाई येते आणि कापड फोमवर घासत नाही.

आता ठोकणं. कापड उलटं जमिनीवर, त्यावर बैठक उलटी. पुढच्या बाजूच्या मध्यावर एक स्टेपल. मग मागच्या बाजूला जाऊन कापड ओढून मध्यावर एक. मग डावी, मग उजवी. एवढ्यावर सुलटी करून बघायची, धागा सरळ आहे का. मग प्रत्येक बाजू मध्यापासून कोपऱ्याकडे, समोरासमोर करत जायची. एक बाजू पूर्ण ठोकून मग दुसरीकडे गेलात तर कापड वाकडं गेलंच म्हणून समजा. कोपऱ्यापाशी दोन इंच आधी थांबायचं.

कोपरा सगळ्यात शेवटी. कापडाचं टोक सरळ मध्याकडे ओढून एक स्टेपल मारायची, दोन्ही बाजूंना जे कापड उरतं त्याची घडी आत, कोपऱ्याच्या रेषेवर. कोपरा गोल असेल तर एका मोठ्या घडीऐवजी चार-पाच बारीक चुण्या. चुणी वरून दिसली तर ती सोडवून पुन्हा. बाबा कोपऱ्यावरून अंगठा फिरवायचे, अंगठ्याला अडकलं तर "खोल" म्हणायचे, बाकी काही बोलायचे नाहीत.

मीना_सांगली | ४ जून, दुपारी २:०५

गादीघर, किती सुंदर लिहिलंत. माझ्या वर्गातल्या मुलींना गळ्याची गोलाई शिकवताना मीही अंगठाच फिरवायचे.

अश्विनी_लीड्स | ४ जून, संध्याकाळी ७:४०

इंग्लंडमधून. मी इथे चार जुन्या खुर्च्या घेतल्या होत्या, बैठक चौकटीतल्या खाचेत नुसती ठेवलेली, स्क्रू नाहीत. आत प्लाय नव्हती, तागाच्या नवारीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणलेल्या, आपल्या नवारीच्या खाटेसारख्या. त्यावर जनावरांच्या केसांचा थर आणि शेकडो बारीक चुका. पूर्वीचे कारागीर चुका तोंडात धरायचे आणि जिभेने एकेक लोहचुंबकी हातोडीवर लावायचे म्हणे.

खाचेतली बैठक असेल तर जाड कापड घेऊ नका. चारही बाजूंनी दोन-तीन मिमी मोकळं हवं. मी जाड मखमल घातली आणि बैठक दाबून बसवली तर चौकटीचा सांधाच उघडला.

इथे राहणाऱ्यांसाठी : १९८८ च्या आगप्रतिबंधक नियमांमुळे दुकानात मिळणारा फोम आग लवकर न पकडणारा असतो. भारतातून फोम किंवा कापड आणायच्या आधी याचा विचार करा. मी सोलापुरी चादर आणली होती, तिच्याखाली आग अडवणारं अस्तर घातलं.

फातोर्डेकर | ४ जून, रात्री ८:३०

आमच्या मडगावच्या घरात जेवणाच्या खुर्च्या वेताच्या विणीच्या. फोम नाही, कापड नाही, घाम येत नाही. आमच्या हवेला तेच खरं. वीण सैल पडली तर बैठक उलटी करून खालून ओल्या फडक्याने नीट भिजवा आणि सावलीत वाळू द्या, वेत आकसून ताठ होतो. फक्त वेताच्या खुर्चीवर उभं राहून पंखा पुसू नका, पाय खाली जातो.

चिंचगूळ | ४ जून, रात्री ९:००

मांजर असेल तर वेत, मोठ्या विणीचं कापड, दोन्ही विसरा, नखं अडकतात. दाट मखमल घेतली, दोन वर्षं झाली, शाबूत आहे. सहाही तुकडे मात्र एकाच दिशेने कापा. मखमलीची लव उलटसुलट झाली की रंग दोन वेगळे दिसतात.

सायली_नाशिक | ७ जून, रात्री १०:१०

आज शनिवार, सुट्टी. सहाही बैठकी काढल्या. रंधा, स्क्रू तुम्ही म्हणालात तसेच सुटले, फक्त दोनच पकडीने काढावे लागले. आत पिवळा स्पंज होता, बोट लावलं की साबुदाण्यासारखा सुटत होता. त्याच्याखाली काथ्याचा थर, तो मात्र अजून ताठ. प्लाय सगळ्या चांगल्या. एका चौकटीच्या पायाला टाचणीच्या टोकाएवढी तीन भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसतोय. काळजी वाटतेय.

रंधा | ७ जून, रात्री १०:४०

बोरर आहे, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड. भुगा ताजा आणि फिकट असेल तर आत कीड जिवंत आहे. ती खुर्ची बाकीच्यांपासून लांब ठेवा. लाकडाचं कीडनाशक सुईच्या सिरिंजने भोकांत भरा, मेण लावून बुजवा, दोन आठवड्यांनी नवा भुगा पडतो का बघा. हातमोजे घाला, आई आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत. काथ्या चांगला असेल तर टाकू नका, त्यावर दीड इंचाचा फोम पुरेल.

गादीघर | ७ जून, रात्री ११:००

सायलीताई, काढताना बैठकींवर आणि चौकटींवर नंबर टाकलेत ना?

सायली_नाशिक | ७ जून, रात्री ११:२०

नाही टाकले. सगळ्या एकावर एक रचून ठेवल्यात. का हो?

गादीघर | ७ जून, रात्री ११:३५

हाताने केलेल्या खुर्च्यांच्या बैठकी एकमेकींना बसत नाहीत. सुताराने प्रत्येक बैठक त्या त्या चौकटीला लावून बघून स्क्रूची भोकं पाडलेली असतात. घाबरू नका. त्या काळचे चांगले सुतार खूण ठेवत. प्लायच्या खालच्या बाजूला आणि चौकटीच्या मागच्या पट्टीला आतून बॅटरी मारून बघा.

सायली_नाशिक | ८ जून, सकाळी ७:०५

सापडले! मागच्या पट्टीच्या आत पेन्सिलने १ ते ६, आणि प्लायवरही तेच आकडे, सुतारकाकांच्या त्या लांब शेपटीच्या अक्षरात. चारावर दोन बाण आहेत, कारण ती बैठक उलटी घातली तर बसत नाही. तिच्या मागच्या कोपऱ्यांतली भोकं एकमेकांच्या जास्त जवळ आहेत. चौतीस वर्षं ते आकडे तिथेच होते आणि आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. आईला दाखवले. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितले.

पानगळ | ८ जून, सकाळी ९:३०

सायली, पूर्ण कर हे काम. तूच करायला हवंस.

वेताळटेकडी | ८ जून, सकाळी १०:००

+१. आणि पहिली खुर्ची आईची करू नका. हात बसला की तिसरी किंवा चौथी त्यांची.

सायली_नाशिक | २२ जून, रात्री ९:३०

पाच झाल्या. फोम वजन करून घेतला. काथ्यावर दीड इंचाचा ४० डेन्सिटी, १८ × १८ चा तुकडा ३१५ ग्रॅम भरला. कापड मोरपंखी, बारीक विणीचं. हाताच्या गनने ८ मिमीच्या स्टेपल्स जुन्या प्लायमध्ये अर्ध्याच जायच्या, वरून हातोडीने बसवल्या. पहिल्या खुर्चीचे कोपरे तीनदा खोलले. अंगठा अडकायचा. चौथीपर्यंत अडकायचा थांबला, ती आईची. आई बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "आता टेबल जवळ आलं." बसलेल्या स्पंजामुळे इतकी वर्षं ती खाली बसत होती आणि हात वर करून जेवत होती, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

सहावी बोररवाली. अजून भुगा नाही पडला. आणखी आठवडा थांबते.

मीना_सांगली | २२ जून, रात्री १०:००

आईंना माझा नमस्कार सांग. प्रचि (फोटो) टाक, कोपऱ्यांचे जवळून.

सायली_नाशिक | २५ ऑगस्ट, दुपारी १२:१५

कार्यक्रम छान झाला. सहाही खुर्च्या पंगतीला होत्या. दोन नंबरच्या बैठकीवर आमटी सांडली. घाईत साबण लावला तर डाग पिवळ्याचा लालभडक झाला. कापड गेलं का हो?

मीना_सांगली | २५ ऑगस्ट, दुपारी १२:४०

नाही गं, हळदीला साबण लागला की ती लाल होतेच. साबण ओल्या फडक्याने पूर्ण टिपून काढ, डाग परत पिवळा होईल. मग चार स्क्रू काढून नुसती बैठक गच्चीवर ने. ऊन पडलं की डाग उन्हाच्या तोंडाशी ठेव, हळद उन्हात उडते. एका दिवसात नाही गेला तर दोन दिवस ठेव. आणि खाली नेताना दोन नंबरच्याच चौकटीत घाल.